छपरासाठीची प्रार्थना

३० मार्च, रविवार

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तू इथून गेलीस त्याला पाच आठवडे झाले. तू पोचल्याचं पत्र आलं होतं, उत्तर राहिलं. वेळ नव्हता म्हणून राहिलं असं नाही. वेळ भरपूर आहे. दुकान साडेनऊला उघडतो, सहाला बंद करतो, मधल्या काळात बाइंडिंगला जे येईल ते शिवतो. लेक परवा कामावर परत गेली. आपल्या आईचे कपडे कपाटात तसेच ठेवून गेली आणि घाई करू नका म्हणून मला बजावून गेली. मी कसली घाई करणार?

मंगळवारी पाळकसाहेब दुकानात आले होते. रविवारचा शास्त्रपाठ वाचायचं काम माझ्याकडून काढून घ्या असं मी त्यांना कळवलं होतं. वाचताना शब्द कागदावरून तोंडात येतात आणि तोंडातून बाहेर पडतात, मधे कुठेही थांबत नाहीत. ते म्हणाले, ऐकणाऱ्यांना ऐकू येतं ना, मग वाचत राहा.

मग त्यांचं लक्ष फळीवरच्या आपल्या एकोणतीस खंडांकडे गेलं आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमचे बाबा बाइंडरच होते, त्यांनी घालून दिलेली ही रीत. ताईने आणि मी दर शनिवारी चार वाजता एकेक पान लिहायचं: काय वाचलं, काय दिसलं, काय मागितलं. घडी घालून एकमेकांना टपालाने पाठवायचं. ज्याला पान मिळेल त्याने आठवडाभर दुसऱ्याचं मागणं आपलं म्हणून मागायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमचं वर्ष संपतं, तेव्हा ती माझी पानं परत पाठवते आणि मी दोघांची मिळून एकशेचार पानं एका पुठ्ठ्यात शिवतो. त्यांनी विचारलं, मग पत्रं वेगळी का लिहिता? मी म्हटलं, पत्र मनाला येईल तेव्हा, आणि त्याला बाबांचा नियम आहे. पानात लिहिलं ते देवाला सांगून झालं, ते पत्रात पुन्हा उगाळायचं नाही. फोनवर तर नाहीच, कारण ताईला फोनवर काही ऐकू येत नाही. पाळकसाहेब हसले. मीही हसलो असेन.

पानं चुकणार नाहीत, काळजी करू नकोस. हे पत्र जरा लांबलं. तुझी माया आहे ती ठेव.

तुझा,
पुठ्ठ्या


१३ एप्रिल, रविवार

चि. पुठ्ठ्यास,
अ. उ. आ.

चाळीशी उलटून गेली, पन्नाशी दाराशी आली, तरी बाबांनी ठेवलेल्या नावाने सही करतोस, हे वाचून बरं वाटलं. निदान सही करणारा तरी तूच आहेस.

इकडे वसतिगृहात नेहमीचा गोंधळ. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली परीक्षेमुळे वेड्या झाल्या आहेत. एकीने पाठ करता करता दात घासायच्या ब्रशला पेन समजून कानामागे खोचलं आणि तशीच वर्गात गेली. मी रागावले, तर म्हणते मेट्रनबाई, तुमचा चष्मा डोक्यावर आहे आणि तुम्ही सकाळपासून तो शोधताय. मी चष्मा नाकावर घेतला.

तुला एकच सांगायचं आहे. तुझ्या घरात आज काय वाटतं, काय वाटत नाही, ते मी विचारणार नाही. माझी भावजय गेली आणि तुला रडू येत नाही, म्हणून ती तुला कमी लाडकी होती असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. पण पान थांबवू नकोस. बाबा गेले त्या आठवड्यातही आपण पान लिहिलं होतं. पान थांबलं तर तू थांबलास असं मी समजेन, आणि मग मला तिथे यावं लागेल, आणि मी आले की तुझं स्वयंपाकघर लावायला घेते हे तुला माहीत आहे.

माझी पानं वेळेवर मिळत असतील. गेल्या शनिवारचं जरा नीट वाच. नियमाप्रमाणे इथे त्याबद्दल काही लिहीत नाही.

जपून राहा. माझा जीव तिकडे आहे.

ताई


८ जून, रविवार

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

मे महिना शाळांच्या कामात गेला. हजेरीबुकं, निकालपत्रकांचे गठ्ठे, आणि एका ग्रंथालयाची दीडशे मोडकी पुस्तकं. काम बरं चाललं आहे. एकदा मात्र एका जाड नोंदवहीचे फर्मे उलटे शिवले गेले, म्हणजे कव्हर सरळ आणि आत सगळं डोक्यावर उभं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. ज्या कारकुनाची वही होती तो म्हणाला, राहू द्या, आमच्या कचेरीत असंही कुणी उघडून बघत नाही. मी उसवून परत शिवली. दाभण दोनदा अंगठ्यात गेलं. रक्त दिसलं तेव्हा कळलं.

घरी एक कप धुवायचा असतो. पूर्वी दोन असायचे तेव्हा मी कंटाळा करायचो.

पाळकसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे शास्त्रपाठ वाचतो आहे. परवा एक आजी येऊन म्हणाल्या, आज फार छान वाचलंत, अगदी आतून वाचलंत. मी घरी येताना विचार करत होतो की काय वाचलं होतं. आठवलं नाही.

तुझी पानं मिळतात. प्रकृती जप. लोभ आहे, तो तसाच असू दे.

पुठ्ठ्या


२२ जून, रविवार

चि. पुठ्ठ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र म्हणजे पावती झाली आहे. माल मिळाला, सही, तारीख. तरी पत्र आलं हेच खूप.

मला एक सांग, तुझ्या दुकानाचं छप्पर कसं आहे? अजून गळतं का? कागदावर पाणी पडू नये म्हणून मी मनापासून काळजी करते आहे.

इथल्या मुली पास झाल्या. ब्रशवालीसुद्धा. तिने मला पेढ्याऐवजी एक चादर नीट घालून दाखवली, कोपरे इतके ताठ की त्यावर चमचा टाकला तर उडावा. माझ्या खोलीतल्या पलंगावर. म्हणाली, मेट्रनबाई, आता आराम करायला शिका. या मुलींना काही कळत नाही असं आपल्याला वाटतं, पण यांना सगळं कळतं. त्या शिकतातच ते.

गेल्या शनिवारचं पान तू वाचलं असशील. मला वाटलं होतं तुझं काही येईल. नाही आलं तरी हरकत नाही. नियम नियम आहे. बाबांनी तो केला तेव्हा ते आजच्या माझ्यापेक्षा लहान होते, हे हल्ली माझ्या मनात येतं.

तुझी मोठी,
ताई


६ जुलै, रविवार

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

छपराचं तू का विचारलंस कळलं नाही. ते सात वर्षांपूर्वीच बदललं. तू तेव्हा आली होतीस, सुतार शिडीवरून खाली उतरत नव्हता आणि तू त्याला वरच जेवण पाठवलं होतंस. विसरलीस? वय झालं तुझं.

पान मिळालं. मागतो आहे.

इथे काही विशेष नाही. ग्रंथालयाची पुस्तकं संपली. आता कोर्टाच्या जुन्या फायली आल्या आहेत.

पुठ्ठ्या


३१ ऑगस्ट, रविवार

चि. पुठ्ठ्यास,
अ. उ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे. गावच्या शाळेत गुरुजी डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांच्या बोटांवर पट्टी मारायचे. आता ते असते तर माझं एकही बोट शिल्लक राहिलं नसतं. ब्रशवाली बसून हे सगळं बघते आहे आणि म्हणते, मेट्रनबाई, तुमचा अ म्हणजे कोंबडीने माती उकरलेली.

जुलैत एक पान कोरं आलं असेल तुला. बाबा ओरडले असते. मी ते फाडून टाकलं नाही, तसंच पाठवलं, कारण शनिवार तर झालाच होता.

मुली माझी बादली भरून देतात, वेणी घालायला येतात. घालायला फारसं काही उरलं नाही हा भाग वेगळा. मी म्हटलं, तुमची मेट्रन आता तुमचीच पेशंट. त्यांना ते आवडलं नाही.

तुझं शनिवारचं पान काल मिळालं. वाचलं. तुझ्या मागण्याप्रमाणे मागते आहे.

तू बरा आहेस ना रे?

ताई


१४ सप्टेंबर, रविवार

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बघून कोर्टातल्या फायली सुवाच्य वाटल्या. डब्याचं झाकण फिरवताना हात लचकवून घेतला असशील. उजव्या हाताला शेक दे, जड उचलू नकोस. मुली आहेत ते बरं आहे.

एक ठरवलं आहे ते कळवतो. या नोव्हेंबरला तिसावा खंड होईल. तो शिवतो आणि थांबतो. ताई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी देवावर रुसलो नाही, भांडलो नाही, तसं काही असतं तर पान भरायला निदान शब्द मिळाले असते. चार वाजता टेबलाशी बसतो, पुस्तक उघडतो, आणि ते एखाद्या बंद दुकानाच्या पाटीसारखं वाटतं. वाचता येतं, आत जाता येत नाही. असा माणूस तुझ्या मागण्यांच्या काय कामाचा? पुढच्या वर्षी तू तुझी पानं तुझ्यापाशीच ठेव. तीस हा आकडाही चांगला आहे.

पाळकसाहेबांना अजून सांगितलं नाही.

तुझा,
पुठ्ठ्या


९ नोव्हेंबर, रविवार

चि. पुठ्ठ्यास,
अ. उ. आ.

सोबत पार्सल पाठवते आहे. तुझी अठ्ठेचाळीस पानं आहेत, मोजून घे. उरलेली चार पानं वर्ष संपल्यावर.

तुझ्या थांबण्याच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. देणारही नाही. फक्त बाबांच्या दुसऱ्या नियमाची आठवण करून देते: वाचल्याशिवाय शिवायचं नाही. दोन्हीकडची पानं आठवड्याला आठवडा लावून वाचायची, मगच दोरा ओवायचा. शेवटचा खंड असला तरी नियमाने कर. एवढं माझ्यासाठी कर.

ताई


१६ नोव्हेंबर, रविवार

ती. ताईस,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, तरी करतो.

काल दुपारी पार्सल सोडलं. टेबल रिकामं केलं, खळ शिजत ठेवली, आणि माझी पानं डावीकडे, तुझी उजवीकडे अशी लावायला घेतली. तुझी पानं माझ्याकडे एका पुठ्ठ्याच्या पेटीत तारखेनुसार नीट ठेवलेली आहेत. पहिली दहा उघडलेली. पुढची एकोणचाळीस घडी घातलेलीच.

ताई, ती मी उघडली नव्हती. ही गेल्यापासून एकही नाही. पाकीट आलं की पत्र असेल तर पत्र वाचायचो, आणि पान घडीसकट पेटीत ठेवायचो. वाचलं तर मागावं लागलं असतं, आणि मला मागता येत नव्हतं. न मागता वाचणं मला चोरीसारखं वाटायचं. म्हणून वाचतच नव्हतो, आणि तुला लिहायचो की मिळालं, मागतो आहे.

माझी पानंही माझी नाहीत. फेब्रुवारीपासून मी नऊ वर्षांपूर्वीचा खंड पुढ्यात ठेवून त्या त्या शनिवारचं माझंच जुनं पान उतरवून काढत होतो. तारीख फक्त नवी. हात वाचायचा, डोकं वाचत नव्हतं. काल ती ओळीने लावली तेव्हा कळलं मी काय काय तुला मागायला लावलं. मेमध्ये छप्पर. जूनमध्ये लेकीची शाळेतली परीक्षा, जी आता पूल बांधते. आणि तीस ऑगस्टला हिच्या गुडघ्यासाठी. स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, तिचा गुडघा जिना चढताना दुखतो, आराम पडू दे. सहा महिने झाले होते तिला जाऊन. लिहिताना मला ते दिसलं नाही.

मग तुझी पानं उघडली.

पाच एप्रिल: आंघोळ करताना उजव्या बाजूला गाठ हाताला लागली. चोवीस मे: तुकडा तपासायला दिला. चौदा जून: गाठ चांगली नाही. एकोणीस जुलै: गुरुवारी चोवीस तारखेला सकाळी दहाला ऑपरेशन, बाकी काही नको, भावाने दहा वाजता माझ्यासाठी मागावं. सव्वीस जुलै: वर तारीख, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, आणि खाली काही नाही. नंतर सगळं डाव्या हाताने. आणि मी तुला शेक द्यायला सांगितलं.

दुकानाच्या कामाच्या वहीत बघितलं. चोवीस जुलै, सकाळ, हजेरीबुकांच्या कडा कापणे, साठ नग. दहा वाजता मी कागद कापत होतो.

सतरा मेच्या पानात तू लिहिलं आहेस, भाऊ जुनी पानं उतरवून पाठवतो आहे, त्याच्याकडे दुसरं काही नसेल, देवा, आहे ते घे, मी छपरासाठी मागते. तुला तेव्हापासून माहीत होतं. नियम म्हणून तू पत्रात लिहिलं नाहीस, आणि मी पान उघडलं नाही म्हणून मला कळलं नाही. बाबांच्या एका नियमाच्या दोन बाजूंना आपण दोघं बसून राहिलो.

मला वाटलं, आता तरी आत काही फुटेल. एकोणचाळीस पानं संपली, फुटलं नाही. खळ करपल्याचा वास आला, उठून ती उतरवली, भांडं भिजत घातलं. मग तुझं आठ तारखेचं पान पुन्हा वाचलं: सत्तावीसला तपासणीचा निकाल, पसरलं आहे की नाही ते कळेल, मला एकटीने त्या बाकावर बसायचं नाही.

सव्वीसला सकाळच्या गाडीने येतो. दुकानावर पाटी लावली आहे. मला काही वाटत नाही, ताई, अजूनही नाही. पण बाकावर बसता येईल.

खंडाचं काय करू ते सांग. उतरवलेली पानं तुझ्या पानांशेजारी शिवायला मन धजत नाही. ती काढून टाकावी आणि तुझी एकटीची शिवावी असं वाटतं.

क्षमा कर असं लिहायचं असतं. लिहितो. कर.

पुठ्ठ्या


२० नोव्हेंबर, गुरुवार

चि. पुठ्ठ्यास,
अ. उ. आ.

ब्रशवालीने तुझं पत्र आणून दिलं आणि मी वाचत असताना दारातच उभी राहिली. मी म्हटलं, जा आता, माझा भाऊ येतो आहे. ती म्हणाली, तेच ना, ज्यांना छपराची काळजी असते? मी तिला सगळं सांगितलेलं आहे. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

आधी खरं बोलते. राग आला होता. छपराचा नाही आला, त्याचं मला हसू आलं होतं. चौदा जूनच्या पानानंतर तुझं पत्र आलं, पान मिळालं, मागतो आहे, तेव्हा आला. मला वाटलं, वाचून असं लिहितो. तू उघडलंच नसशील असं माझ्या डोक्यात आलं नाही. तेही नियमाचंच. पान मिळालं की उघडायचं, असा नियम बाबांना करावाच लागला नव्हता. नियम मोडून सरळ पत्रात लिहिता आलं असतं मला. लिहिलं नाही. तू आपण होऊन विचारावंस, असा हट्ट होता. साठीच्या बाईचा हट्ट. चोवीस तारखेला आत नेईपर्यंत मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, आणि दहा वाजले तेव्हा मी मनात म्हटलं की आता तो बसला असेल. तू कडा कापत होतास. बरं झालं तेव्हा कळलं नाही. मला त्या दिवशी ते पुरलं.

गुडघ्याचं. ते पान वाचून मी बराच वेळ खिडकीशी उभी होते. मग मागितलं. नियमाप्रमाणे आठवडाभर मागितलं. आता तिचा गुडघा दुखत नाही, एवढं तरी आपल्या पदरात पडलं की नाही?

आणि हे बघ. जिथे कापलं तिथली चामडी बधिर आहे. हात लावला तर दुसऱ्या कुणाला लावल्यासारखं वाटतं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, हे बिघडलं आहे का? त्या म्हणाल्या, जखम चांगली भरते आहे, बधिरपणा राहील, काहींचा जातो, काहींचा नाही, त्याचा भरण्याशी संबंध नाही. तेव्हा तुला काही वाटतं की नाही हे मला रोज कळवायची गरज नाही. गाडी किती वाजता पोचते ते कळव. ते लिहायला विसरलास.

खंडातलं एकही पान काढायचं नाही. उतरवलेली शिव, माझं कोरं शिव, सगळी शिव. आपलं वर्ष असंच गेलं. तू बाइंडर आहेस, निवडून ठेवणारा नाहीस.

येताना जाड मोजे आण. माझ्या पाहुण्याच्या खोलीत फरशी गार असते.

वाट बघते.
ताई


पान बावन्नावे
२९ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी चार. ताईच्या खोलीत, तिच्या टेबलाशी.

काय वाचलं: चौघांनी एका पक्षघाती माणसाला खाटेसकट उचलून आणलं, दारात गर्दी होती म्हणून छप्पर उसकटलं आणि त्याला वरून खाली सोडलं, ती गोष्ट. ताईने निवडली. निवडताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

काय दिसलं: खाटेवरचा माणूस पूर्ण गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. तो काही मागत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता हे लिहिलेलं नाही. त्याला उचलणाऱ्यांचा होता, एवढंच लिहिलं आहे. त्यांची नावंही लिहिलेली नाहीत. मी हे वाचन देवळात निदान दहा वेळा केलं असेल, आणि दरवेळी मला वाटायचं की तो माणूस मनातल्या मनात प्रार्थना करत असणार. नसेलही करत. वरून पडणारी माती डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याने फक्त डोळे मिटून घेतले असतील.

परवा दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोन तास बसलो. ताईने डोक्याला रुमाल बांधला होता. समोर एक बाई लोकर विणत होती आणि ताईने तिची एक चूक काढली. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत्ता तरी दुसरीकडे कुठे काही दिसत नाही, तीन महिन्यांनी परत या. ताईने माझं मनगट धरलं. तिचा हात गरम होता, हे मला कळलं. आनंद झाला असं लिहीत नाही. हात गरम होता असं लिहितो.

हे पान टपालात जाणार नाही. ताई शेजारी बसून तिचं लिहिते आहे, पुन्हा उजव्या हाताने, फार सावकाश. तिसावा खंड मी तिच्या कोऱ्या पानासकट शिवेन. एकतिसाव्याचे कागद कापायचे की नाही ते तिने विचारलं नाही. मी येताना कापूनच आणले आहेत, मोज्यांच्या खाली. एकशेचार.

काय मागितलं: चोवीस जुलै, गुरुवार, सकाळी दहा वाजता. माझ्या बहिणीला आत नेतील. गाठ नीट निघू दे. ती घड्याळाकडे बघते आहे, तिला एकटं वाटू देऊ नकोस. मागायला चार महिने उशीर झाला. छपरासाठीचा उशीर चालला होता, तसा हाही चालवून घे.